खाकीला बुजलेल्या गाई

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, अप्पा, जंगलातले थरारक अनुभव लिहून द्या, वाघबिघ येऊ द्या जरा. संपादक मूळचे मुखेडचेच, पण पुण्यात राहून त्यांना गावाकडच्या उन्हाचा विसर पडलेला दिसतो. आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात वनखात्याचं जंगल म्हणजे एक बाभूळ, तिच्याखाली विडी ओढत बसलेला एक म्हातारा आणि 'राखीव वन, प्रवेश मना' असा गंजलेला फलक. इथं वाघ आलाच, तर सावलीला बसायला आधी त्या म्हाताऱ्याला सरकवावं लागेल. अठ्ठावीस वर्षं मी या खात्यात वनरक्षक होतो आणि एवढ्या वर्षांत मला खरा घाम फोडला तो एका गाईनं. तिचं नाव शेवंती. वाघाच्या आशेनं बसलेल्यांनी पानं उलटावीत, पुढे कविता असतील.

आधी धंदा सांगतो. वनरक्षक ही खात्यातली शेवटची पायरी. मुंबईहून निघालेला हुकूम घरंगळत घरंगळत माझ्यापाशी येऊन थांबतो, कारण माझ्या खाली गवत सोडलं तर कुणीच नाही. माझं गवत म्हणजे बोरवाडीचा माळ. कंधार-मुखेड रस्त्यावरून आत वळलं की कोसभरावर. खाली खडक, वर मुरूम, त्यावर वीतभर माती आणि तिच्यात मारवेल नि कुसळी ही गवतं. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो, इथं तर काहीच नाही. पहिल्या दिवशी मीही तेच म्हणालो होतो.

पण माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. काळवीट माळावरच राहतं, कारण त्याला लांबचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. त्याच्या मागावर लांडगा असतो. चंडोल, माळटिटवी ही पाखरं भुईवरच अंडी घालतात. आणि धाविक. होल्याएवढं तांबूस पाखरू, पाय लांब, उडायचा आळस, दिवसभर तुरुतुरु पळत किडे टिपणार. घरटंबिरटं बांधायची भानगड नाही. उघड्या भुईवर, वाळलेल्या शेणाच्या आडोशाला अंडी ठेवली की झालं. गवत घोट्याच्या वर गेलं की तिला पळता येत नाही, आणि पळता आलं नाही की ती तिथं राहत नाही.

यातलं मला तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की माळावर ढोर दिसलं की हाकलायचं. मी हाकललं. उमेदीचं वय, नवी कोरी खाकी, गळ्यात शिट्टी, हातात वेताची काठी. शिट्टी वाजली की बोरवाडीची ढोरं शेपट्या वर करून पळायची, आणि न पळणारी मी ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात नेऊन घालायचो. पुढे खात्यानं माळाभोवती चर खणला. ढोराला उडी मारता येऊ नये इतका रुंद आणि छातीएवढा खोल. आत झाडं लावली. झाडांनी खालचा खडक बघितला आणि पहिल्याच उन्हाळ्यात राम म्हटलं. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत दुसरी लावली, त्यांनीही तेच केलं. गवत मात्र कुणी न लावता वाढत राहिलं.

चर पुरा झाला आणि माझ्या माळावर एक वासरू फिरकेना. चराई पूर्ण बंद केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोनं ते चौकटीत घालून देवघराशेजारी लावलं. माझी सासुरवाडी उदगीरकडची, तीन पिढ्या देवणी गाई पाळलेलं घर. सासरे दिवाळीला आले, चष्मा लावून ते प्रशस्तिपत्र वाचलं आणि म्हणाले, जावई ढोरांचा दुश्मन आहे हे सरकारनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय, आपल्याला वेगळं सांगायची गरज उरली नाही.

आता धुरपतबाई. बोरवाडीतली विधवा बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायात टायरच्या चपला, तोंडात तंबाखू. तिच्याकडे लाल कंधारी गाई होत्या, चाळीसभर. आमच्या कंधार भागाची ही जात. विटकरी लाल रंग, काळेभोर डोळे, आणि वाळलेल्या काडीवर उन्हाळा काढायची अक्कल. देवणी दिसायला सुंदर, हे मी सासुरवाडीच्या भीतीनं मान्य करतो. पण माळावर चालावं ते कंधारीनंच. धुरपतबाईच्या आजेसासऱ्यापासून त्या गाईंचं माळावर चालणं होतं. मी शिट्टी वाजवली की गाई पळायच्या आणि धुरपतबाई शिव्या द्यायला उभी राहायची. शिव्याही अशा, की घरी येऊन बायकोला सांगाव्यात. एकदा म्हणाली, तुझी ही शिट्टी तुझ्या घशात जाईल आन् ढेकर दिलास तरी वाजंल. त्यानंतर महिनाभर मला ढेकर द्यायची भीती वाटायची.

माळ बंद झाल्यावर तिच्या गाई चरणार कुठं? बांधावर दोन गाई चरतात, चाळीस नाही. माळेगावच्या जत्रेत काही गेल्या, काही बाजारात गेल्या. होता होता अकरा उरल्या. तेव्हा मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण ते खोटं आहे. मला हायसं वाटलं होतं. रोजची कटकट गेली.

पाच-सहा वर्षांत माळाचं रूप पालटलं. गवत कमरेला लागायला लागलं. मी साहेबांना मोठ्या मिजाशीत दाखवायचो, आणि साहेब त्यात उभे राहून फोटो काढून घ्यायचे. पण जुनं गवत कुणी खाल्लं नाही, ते आडवं पडलं, त्याच्यावर दुसऱ्या वर्षीचं पडलं. अशी गादी झाली की नवा कोंब वर येईना. काळविटं खाली हरभऱ्याच्या रानात उतरली, कारण उंच गवतात लांडगा कुठं बसलाय ते त्यांना दिसेना. शेतकरी माझ्या दारात येऊन म्हणायला लागले, तुमची हरणं घेऊन जा. जणू मीच ती पाळली होती. धाविक कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही.

मग एका उन्हाळ्यात माळ पेटला. एवढं वाळलेलं गवत साठवल्यावर दुसरं काय होणार? मी आणि दोन मजूर कडुनिंबाच्या फांद्या घेऊन सकाळपासून आग झोडपत होतो. दुपारी आग आपोआप थांबली, म्हणजे जळायचं काही उरलं नाही. मी राखेतून चालत गेलो. जळालेले साप, सरडे, आणि एका ठिकाणी माळटिटवीची चार अंडी, उकडून फुटलेली. ती टिटवी त्यांच्याभोवती ओरडत फिरत होती. मी खाली बसलो आणि रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, अंगात खाकी, आणि चार अंड्यांपाशी बसून रडतोय. मजुरांनी पाठ फिरवली, त्यांचे उपकार.

त्याच वर्षी आमच्या रेंजला नव्या बाई आल्या. रेंजर मॅडम कोल्हापूरकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या माळावर दिवसभर फिरल्या आणि मला विचारलं, इथं पूर्वी कुणाची गुरं चरायची? मी छाती काढून सांगितलं, एकाचंही नाही मॅडम, मी एकही येऊ दिलं नाही. त्या दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तेच चुकलं, मन्मथअप्पा."

मी मनात म्हटलं, पोरीला ऊन लागलं.

पण त्यांनी नीट समजावलं. गवताला दात लागले पाहिजेत. डोक्याचे केस कधी कापलेच नाहीत तर उवा होतात, तसं गवताचं. ढोरं खातात, खुरांनी जुनं गवत मोडतात, बी मातीत दाबतात. शेणात किडे होतात, किड्यांवर पाखरं जगतात. फक्त ढोरं मोजकी पाहिजेत, नाहीतर माळाला टक्कल पडतं. माळाचे चार भाग करायचे. दिवाळीनंतर बी झडलं, पाखरांची पिलं उडाली की ढोरं आत घ्यायची आणि एकेक भाग करत फिरवायची. एक भाग त्या वर्षी मुळीच शिवायचा नाही, कारण काही पाखरांना उंच गवत लागतं. म्हणजे मी आयुष्यभर जे हाकललं तेच आता आत बोलवायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला प्रशस्तिपत्राची चौकट डोळ्यासमोर दिसली.

दिवाळीनंतर गावात सभा घेतली. मी उभा राहून म्हणालो, ढोरं माळावर आणा, वनखातं बोलावतंय. मग मागून कुणीतरी म्हणालं, कोंडवाडा रिकामा पडला असंल. सगळी सभा हसली. कशीबशी दोन-चार जणांनी जनावरं पाठवली. चार म्हशी आल्या, त्या सरळ पाझर तलावात जाऊन बसल्या आणि संध्याकाळी धुवून निघाल्यासारख्या घरी गेल्या. दोन जर्सी आल्या. त्यांनी वाळल्या गवताचा एक घास घेतला आणि शिळी भाकर वाढलेल्या जावयासारखं माझ्याकडे बघितलं. मग शेळ्या आल्या. शेळ्यांनी गवत सोडून उरलीसुरली झुडपं खाल्ली.

मॅडम म्हणाल्या, अप्पा, इथलीच जात पाहिजे, वाळल्या गवतावर चालणारी. कुणाकडे आहे? मला ठाऊक होतं. एक अख्खा दिवस तंबाखू चोळण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवशी धुरपतबाईच्या गोठ्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो गुरुवार होता.

ती कडबा तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला आलास? अकरा राहिल्यात म्हनून?"

मी सगळं सांगितलं. गवत, दात, पाखरं, चार भाग. ती इतकी हसली की खोकला आला. मग तोंड पुसून तिनं खरी गोष्ट सांगितली. कडबा संपत आला होता, तिचे गुडघे गेले होते आणि उदगीरच्या व्यापाऱ्याशी तिचं बोलणं झालं होतं. पुढच्या बेस्तरवारी, म्हणजे बरोबर आठवड्यानं गुरुवारी, तो टेम्पो घेऊन येणार, अकराच्या अकरा नेणार. आमच्या भागात कळपानं माळावर चालणाऱ्या एवढ्याच कंधारी उरल्या होत्या. बाकी सगळ्या दावणीला बांधून खाणाऱ्या. या गेल्या की माळ पुन्हा कमरेएवढा वाढणार आणि पुन्हा पेटणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी म्हणालो, माय, विकू नको, माळ तुझाच आहे.

"आता माझा झाला व्हय?" ती म्हणाली. "हे बघ गार्डा, म्या ढोरं हाकत न्हाई. शेवंती म्होरकी हाय, ती जाईल तिकडं समद्या जातात. तिला तूच बोलव. ज्या तोंडानं शिट्टी वाजवलीस त्याच तोंडानं बोलव. आली तर ठीक. न्हाई आली तर बेस्तरवारी येपारी येऊन राहिला, इकून टाकते."

मी हो म्हणालो. गाईला बोलवायला काय लागतं, असं मला वाटलं. कुणाची तरी अक्कल कमी होती आणि ती गाईची नव्हती.

पहिला अडथळा आमचाच चर. गाई आत येणार तर गाडीवाटेएवढा चर बुजवायला पाहिजे. पण कागदोपत्री तो चर म्हणजे खात्याची मालमत्ता. खणायची मंजुरी होती, बुजवायची मंजुरी कुठल्याच फायलीत नव्हती. मॅडमनी डोकं धरलं. शेवटी मी तीन मजूर लावून बुजवला आणि नोंदवहीत लिहिलं, 'चराची देखभाल केली.' हे आता लिहायला हरकत नाही, पेन्शन चालू झाली.

शनिवारी स्वागत ठरलं. मॅडमनी वरच्या साहेबांना कळवलं, साहेब दोन गाड्या घेऊन आले. बुजवलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना आम्ही सगळे इस्तरीच्या खाकीत रांगेनं उभे. माझ्या हातात साहेबांनी शेवंतीसाठी आणलेला झेंडूचा हार आणि हळद-कुंकवाचं ताट. गाव बघायला लोटलं. धुरपतबाईच्या गाई वळणावरून आल्या. पुढे शेवंती. उंचीपुरी, शिंगं मागे वळलेली, चालणं पाटलिणीसारखं. पन्नास पावलांवर आली, मान वर केली आणि तिला दिसली एकापाठोपाठ एक नऊ खाकी. तिनं नाकातून असा फुस्कारा टाकला की साहेब एक पाऊल मागे गेले. मग ती वळली आणि सगळा कळप शेपट्या वर करून जो उधळला तो थेट सरपंचाच्या तुरीत. हार माझ्या हातात. गाव पोट धरून हसत होतं. साहेबांनी मला विचारलं, हे काय चाललंय? मी म्हणालो, सर, माझं काम बघून घ्या, किती पक्कं झालंय.

रविवारी मी माझ्या अकलेनं दुसरा डाव टाकला. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्यांनी नाहीच म्हटलं असतं. हिशेब सोपा होता. गाई खाकीला भिऊन पळतात ना? मग खाकी त्यांच्या मागे उभी करायची, त्या पळतील ते माळात. धुरपतबाई गाई पाण्यावर घेऊन चालली होती. मी आडोशाला दबा धरून बसलो आणि कळप वाटेसमोर आला तशी मागून शिट्टी मारली. गाई पळाल्या, अगदी माळातच पळाल्या. मी माझीच पाठ थोपटत होतो. पण त्या थांबल्याच नाहीत. अख्खा माळ ओलांडून पलीकडे गेल्या. पलीकडे पुन्हा चर. दहा गाई काठावर वळल्या. कपिली नावाची म्हातारी गाय वळली नाही.

तिला काढायला बैलगाडीचे दोर आणि सहा माणसं लागली. पाय मोडला नव्हता, पण खुब्याला मार लागला होता. वर आल्यावर ती थरथरत उभी राहिली, तोंडाला फेस. धुरपतबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं मला एक शिवी दिली नाही. तिच्या शिव्यांची मला इतकी सवय होती, की तिचं ते गप्प राहणं मला सहन झालं नाही. मी म्हणालो, माय, चुकलं. ती लंगडत्या गाईबरोबर निघून गेली. संध्याकाळी मॅडमनी मला ऑफिसात उभं करून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

सोमवारी मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, घरगुती. धोतर नेसलो, बंडी घातली, चपला घरी ठेवल्या आणि सकाळी धुरपतबाईच्या गोठ्यात जाऊन सांगितलं, मला तुझ्या ढोरांमागे घे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि शेणाची पाटी पुढे सरकवली. पहिला दिवस फक्त शेण. लोक येऊन बघून जात होते. एक जण मोबाईलवर फोटो काढून गेला, तो दुपारपर्यंत माझ्या बायकोला पोचला. तिनं फोन करून विचारलं, तुम्हाला खात्यानं काढलं का?

मंगळवारी तिनं मला कळपाबरोबर घेतलं आणि मला कळलं की ढोरं वळणं हा माझ्यापेक्षा जुना आणि जास्त डोक्याचा धंदा आहे. गुराख्यानं कळपाच्या पुढे चालायचं नाही. बरोबर मागेही नाही, मागच्या गाईच्या एका अंगाला, तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू असं. सकाळी ऊन ढोरांच्या पाठीवर घ्यायचं, डोळ्यावर नाही. एका जागी ढोरं मुंडी घालून रेंगाळली तर ओरडायचं नाही, आपण चार पावलं सरकायचं, कळप आपोआप सरकतो. कालच्या जागी आज न्यायचं नाही, ती जागा पंधरा दिवसांनी. मी थांबून विचारलं, पंधरा दिवसांनी का? ती म्हणाली, कोंब मोठा होऊ द्यावा लागतो की बाबा, न्हाईतर मूळच मरतं. मॅडम हेच शिकायला डेहराडूनला गेल्या होत्या. मी हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकू शकलो असतो, फक्त तिला एकदा विचारायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी शिट्टी वाजवत होतो. त्या दिवशी मला माझी खरीखुरी लाज वाटली.

शेवंतीनं मात्र मला ओळखलं होतं. धोतर नेसा नाहीतर मुंडासं बांधा, माझी चाल तिला पाठ होती. मी चार पावलं जवळ गेलो की ती आठ पावलं लांब. धुरपतबाईनं मला मिठाचा खडा दिला आणि सांगितलं, हातावर धरून बस, उठू नको, तिच्याकडं बघू बी नको. मी तळहात पसरून बसलो. मंगळवारी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत बसलो, हाताला मुंग्या आल्या. बुधवारी दुपारी मागून गरम श्वास लागला. मी हललो नाही. तिनं मीठ हुंगलं, फुस्कारलं, गेली. पुन्हा आली. मग खरखरीत जीभ माझ्या तळहातावरून फिरली. आयुष्यात मला एकच प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते या जिभेपुढे काहीच नव्हतं. धुरपतबाई लांबून म्हणाली, अजून गेली न्हाई आत.

पुढच्या वर्षांचं आताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी पाखरांचं कौतुक आडवं येणार नाही. तिसऱ्या वर्षी चरलेल्या भागात धाविकेची जोडी आली. वाळलेल्या शेणाशेजारी दोन अंडी, मातीच्याच रंगाची. मॅडम बदलून गेल्या होत्या, त्यांना फोन लावला तर त्यांनी अंडी किती ते मला तीनदा मोजायला लावलं. काळविटं हरभरा सोडून वर आली, म्हणजे बरीचशी आली, काहींना हरभऱ्याची चटक लागलीय. माळ पुन्हा पेटला तेव्हा आग चरलेल्या पट्ट्यापाशी येऊन विझली.

तर तो गुरुवार. सकाळी नऊला व्यापाऱ्याचा टेम्पो बोरवाडीत, माळासमोरच येऊन उभा राहिला. मागची फळी उघडलेली, आत पेंढा पसरलेला. व्यापारी बिचारा भला माणूस, चहा पीत बसला आणि म्हणाला, तुमचं काय ते उरका, मी थांबतो. मॅडम साध्या सलवार-कमीजमध्ये आल्या आणि कुणी खाकीवाला शंभर पावलांच्या आत दिसला तर त्याची बदली पार किनवटच्या जंगलात करीन म्हणाल्या. कुणी दिसला नाही.

मी बुजवलेल्या वाटेच्या आतल्या अंगाला, माळात, भुईवर बसलो. तळहातावर मीठ. गाई आल्या. शेवंती वाटेच्या तोंडाशी थांबली. तिनं खाली बघितलं, जिथं चर होता तिथली माती हुंगली. तिच्या मागे बाकी सगळ्या थांबल्या. मला वाटलं, गेलं. टेम्पोची फळी उघडी होती ती मला तिथूनसुद्धा दिसत होती. मी आयुष्यात गाईशी बोललो नव्हतो. मग मी म्हणालो, "ये गं शेवंती. आता न्हाई हाकलत."

ती उभीच. डाव्या कानावर माशी बसली, ती तिनं झटकली. मग एक खूर नव्या मातीवर ठेवला, दाबून बघितला आणि आली. माझ्याजवळून आली, मिठाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढे जाऊन मारवेलाच्या ठोंबाला तोंड लावलं. मागून एकेक करत सगळ्या आल्या. शेवटी कपिली, लंगडत. अकरा. मी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. गवत तोडल्याचा करकर आवाज त्या माळावर किती वर्षांनी होत होता. मॅडमनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाल्या. व्यापाऱ्यानं टेम्पोची फळी लावून घेतल्याचा आवाज आला.

मी उठलो आणि मागे बघितलं. धुरपतबाई वाटेच्या पलीकडेच उभी होती. काठी दोन्ही हातांत धरलेली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मी म्हणालो, चल की माय, गाई पुढं गेल्या.

"मला बी हाकललं होतंस की," ती म्हणाली. "गाईला बोलवलंस. त्या मॅडमबाईनं गाईसाठी वर अर्ज धाडला. सायेबानं गाईला हार आणला. मला कुनी बोलवलं?"

खरं होतं. चार आठवडे आम्ही गाईंचा विचार करत होतो. गाईंच्या भागांचा नकाशा काढला होता, पाण्याच्या जागा ठरवल्या होत्या. या बाईचं नाव एका कागदावर नव्हतं. मी हातातलं मीठ खाली टाकलं, वाटेवर गेलो, वाकून तिच्या पायांना हात लावला आणि म्हणालो, "चुकलं माय. आत ये." आणि वाट मऊ मातीची, ती धडपडू नये म्हणून आधाराला हात पुढे केला.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग काठीनं तो बाजूला केला.

"सरक," ती म्हणाली. "वाट मला ठावकी हाय."

मी सरकलो.